घरच्या भट्टीतील भरली कोंबडी

कोंबडीच्या पोटात सारण भरून ती सबंध शिजविण्याची कला पुरातन खरी. परंतु ती स्वतःच्या घरच्या भट्टीत भाजण्याची सोय सामान्य संसारी माणसाला लाभून फार काळ लोटलेला नाही. एपिशियसच्या नावावर चालत आलेल्या रोमन पाकग्रंथात कोंबडी मानेकडून रिकामी करून तीत कुटलेले मांस, शिजविलेली गव्हाची भरड, आले, मिरे आणि अंडी भरावयास सांगितली आहेत, आणि आत थोडी जागा मोकळी राहू द्यावी अशी ताकीदही दिली आहे. शिजताना सारण फुगते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्यालाच ती सुचावी. ‘आईन-इ-अकबरी’तला ‘मुसम्मन’ही मानेच्याच वाटेने हाडे काढलेल्या सबंध कोंबडीचा; अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप आणि पाच अंडी असा त्याचा बादशाही सरंजाम.

पण हे मुदपाकखान्यांचे वैभव झाले. फ्रान्समध्ये रयतेच्या घरी चूल असे, भट्टी क्वचितच. कित्येक गावी तर भट्टीचा मक्ताच जमीनदाराकडे असून, पाव तेथेच भाजावा आणि त्याचा दस्तूर भरावा असा शिरस्ता होता, आणि तो विनामोबदला समूळ रद्द होण्यास १७९३ साल उजाडावे लागले. बेआर्न प्रांतातील प्रसिद्ध भरली कोंबडी पाव, हॅम, काळीज व लसूण यांचे सारण भरून, दोऱ्याने शिवून, हंडीतच मंद उकळतात. त्याच प्रांतात जन्मलेल्या चौथ्या हेन्रीने दर रविवारी रयतेच्या घरी कोंबडी शिजावी अशी इच्छा धरली म्हणून सांगतात, तीही हंडीतलीच, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

लंडनमध्येही निराळी स्थिती नव्हती. डिकन्सच्या १८४३ च्या नाताळकथेत कारकुनाच्या घरचा कांदा व सेजची पाने भरलेला हंस पाववाल्याच्या भट्टीतून भाजून येतो.

पुढे ओतीव लोखंडाच्या शेगड्या आल्या, मग गॅस आला; तरी खरी अडचण आचेची होती. सारण पक्ष्याच्या गाभ्यात असल्याने उष्णता त्याला सर्वांत शेवटी पोचते, आणि आच भडकली तर छातीचे मांस कोरडे पडूनही आतले कच्चेच राहते. १९२३ मध्ये इंग्लंडात आच आपोआप आवरणारी, आकडे कोरलेली कळ गॅसच्या भट्टीस बसली, आणि आजवर भटारखान्यातील अनुभवी हाताकडे असलेला हा अंदाज गृहिणीच्या स्वाधीन झाला.