तुरटीचा बुरूज आणि मोशीची वायर

मंडळी, मोशीत जिकडे बघावं तिकडे टॉवर उभे राहतायत. त्यांत जाणाऱ्या वायरच्या एखाद्या बंडलावर 'हॅलोजन फ्री' छापलेलं असतं. नवीन टेक्नॉलॉजी वाटते ना? आयडिया मात्र दोन हजार वर्षं जुनी आहे.

इसवी सनापूर्वी ८६ च्या सुमारास रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सच्या पायरियस बंदराला वेढा घातला. तिथला एक लाकडी बुरूज काही केल्या पेटेना. त्याला तुरटी फासली होती, असं रोमन लेखकांनी लिहिलंय. १७३५ मध्ये इंग्लंडच्या ओबाडाया वाइल्डने न पेटणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं, त्यातही तुरटीच. आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचंच संयुग, बरं का!

विसाव्या शतकात क्लोरीन-ब्रोमीन आले, म्हणजे हॅलोजन. आग दबते, पण वायर पेटलीच तर धूर आम्लारी, घुसमटवणारा. आणि आगीत माणसं जास्त करून धुरानेच जातात. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ जण गेले, ते गुदमरून.

म्हणून गाडी परत ॲल्युमिनियमवर. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड ही साधी पांढरी पूड, पण वजनाच्या जवळपास ३५ टक्के पाणी तिच्यात बांधलेलं. २०० अंशांच्या पुढे तापली की ती वाफ सोडते आणि उष्णता खाते. मस्तच! फक्त ती निम्म्याहून जास्त मिसळावी लागते, मग प्लास्टिक कडक होतं.

हिचा कच्चा माल बॉक्साइट. तो आपल्या राधानगरीच्या दुर्गमानवाडीतून निघून बेळगावच्या हिंडाल्कोत गेलाय.

आणि हो, बंडलावर नुसतं 'एफआर' असेल तर त्याचा अर्थ आग पसरत नाही, एवढाच. धुराचं वेगळं विचारा.