कल्पित वीराची तलवार

देवालयांच्या उत्सवांत ऐतिहासिक नाटके करण्याची परंपरा गोमंतकात जुनी आहे. अशा नाटकांत इतिहासातील राजे व सरदार यांच्या जोडीला नाटककार आपल्या कल्पनेतील एखादा तरुण वीर उभा करतो. त्याचे नाव, कूळ, वेष आणि बोलणे यांचा तो पुष्कळ विचार करतो. परंतु त्याच्या हाती तलवार द्यावयाची वेळ आली म्हणजे पेटीत जी सापडेल ती चालते. बहुधा ती वाकडी व चंदेरी वर्ख लावलेली असते; मग प्रसंग सोळाव्या शतकातील असो की पेशवाईतील असो. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसली तरी तशी ती नव्हे, असे आम्हांस वाटते. आपल्या मुलांपैकी कित्येकांना इतिहासाचे पहिले दर्शन शाळेच्या पुस्तकात न होता देवळाच्या मांडवातच होते. तेथे डोळ्यांनी पाहिलेले जन्मभर पुसले जात नाही.

शस्त्र आणि शस्त्रधारी यांचे नाते आपल्या परंपरेने कधीही सैल मानलेले नाही. देवीमाहात्म्यात महिषासुराच्या वधासाठी प्रकटलेल्या देवीला प्रत्येक देव आपापल्या स्वभावाचे आयुध देतो. शिव त्रिशूळ देतो, विष्णू चक्र देतो, वरुण शंख व पाश देतो, इंद्र वज्र व घंटा देतो. आणि खड्ग व ढाल ही काळाकडून येतात. मूर्तिकारालाही कोणत्या हाती कोणते आयुध घडवावे याची मोकळीक नसते; ध्यानश्लोकात जे सांगितले असेल तेच त्याने घडवावयाचे असते. देवतांच्या बाबतीत एवढा काटेकोरपणा पाळणाऱ्या समाजाने मानवी वीराच्या बाबतीत मात्र निष्काळजी राहावे, हे विसंगत होय.

तेव्हा लेखकाने आपल्या पात्राविषयी चार प्रश्न स्वतःस विचारावेत. हा पुरुष कोणत्या काळचा? कोठला? तो घोड्यावरून लढतो की पायी? आणि त्याची ऐपत किती? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की तलवार निवडावी लागत नाही. ती आपोआप समोर येते.

प्रथम काळाचा विचार करू. जुने गोवे येथील पुराणवस्तुसंग्रहालयात कदंबकालीन वीरगळ आहेत. त्या काळचा योद्धा कसा उभा राहत असे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने चित्रपटाकडे न जाता या शिळांकडे जावे. दक्षिणेतील जुनी तलवार बहुधा सरळ पात्याची असे. वाकड्या पात्याचा प्रसार उत्तरेकडून, तुर्क व पुढे मोगल यांच्या संबंधाने वाढला. म्हणून कदंबांच्या दरबारातील सेनापतीच्या कमरेला वाटीच्या मुठीची वाकडी तलवार लटकलेली दाखविणे म्हणजे कित्येक शतकांची उडी मारणे होय.

आता शस्त्रांचा स्वभाव पाहू. खांडा सरळ, दुधारी आणि टोकाकडे रुंद होत जाणारा असतो. तो भोसकण्यासाठी नसून तोडण्यासाठी आहे. खंडोबाच्या नावाशी लोक त्याचा संबंध जोडतात, आणि जेजुरीस दसऱ्याच्या उत्सवात जड खांडा उचलण्याची चाल प्रसिद्धच आहे. वाकड्या तलवारीची मूठ आखूड व तिच्या टोकाची वाटी मनगटाला भिडणारी असते. त्यामुळे तिचा वार ओढून करावयाचा असतो. पट्ट्याची गोष्ट निराळी. त्याची मूठ लोखंडी हातमोज्याच्या आत असते, मनगट वळत नाही, सारे काम कोपर आणि खांदा यांनी करावे लागते. वर्षानुवर्षे तालीम केल्यावाचून तो चालविता येत नाही. प्रतापगडाच्या प्रसंगातील सय्यद बंडा आणि जिवा महाला यांच्या कथेत पट्टा शोभतो, कारण दोघेही कसलेले गडी होते. पहिल्या अंकात नांगर सोडून आलेल्या पोराच्या हाती दुसऱ्या अंकात पट्टा देणे मात्र हास्यास्पद होय.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सतराव्या शतकातील मराठा स्वार लांब, सरळ पात्याची तलवार आवडीने वापरीत असे. अशा तलवारींपैकी पुष्कळांची पाती युरोपात घडलेली असत. ती पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारातून येत आणि त्यांवर मूठ आपल्या कारागिरांची चढे. म्हणूनच त्या तलवारीचे नाव फिरंग. आपल्याकडे पोलाद नव्हते म्हणून हे घडले, असे कोणी समजू नये. तेलंगणातील पोलाद इराणपर्यंत जात असे. परंतु घोड्यावरून लांब पल्ल्याचा वार करावयास ती लवचिक, सरळ पाती सोयीची वाटली आणि आपल्या लोकांनी ती घेतली.

काही सद्भावनेचे लोक म्हणतील की, ज्या फिरंग्यांनी आमची देवळे पाडली त्यांच्याच नावाची तलवार आमच्या नायकाच्या हाती कशी शोभेल? या आक्षेपामागील वेदना आम्ही जाणतो. तथापि १६८३ साली संभाजी महाराजांच्या सैन्याबरोबर साष्टी-बारदेशात शिरलेला एखादा कल्पित स्वार रंगवावयाचा असेल, तर त्याच्या हातात फिरंग देणे हेच सत्याला धरून आहे. तीत कमीपणा कसला? पाते परक्याचे, मूठ आपली आणि हात आपला. शत्रूजवळचे चांगले ते ओळखून घेणे ही त्या पिढीची हुशारी होती. लाजेने ती झाकली तर आपण पूर्वजांचा गौरव करीत नाही, उलट त्यांची बुद्धी नाकारतो.

आता दुसरे पात्र घेऊ. १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून श्रीमंगेशाला नदीपार अंत्रुज महालात नेण्यात आले. वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा यांनाही याच मार्गाने स्थलांतर करावे लागले. एखादा लेखक या प्रसंगावर नाटक लिहील आणि होडीच्या नाळेवर पहारा देणारा एक गावकऱ्याचा मुलगा कल्पील. त्याच्या हाती काय द्यावे? मोगली थाटाची जडावाची तलवार नव्हे. ती त्याच्या काळाचीही नाही आणि ऐपतीचीही नाही. घोडेस्वाराची लांब फिरंगही नव्हे. होडीत ती फिरवावयास जागा कोठून असणार? घरात जपलेले आखूड, सरळ पाते, चामड्याचे झिजलेले म्यान, फार तर एक साधी ढाल, एवढे पुरे. किंबहुना माड सोलण्याच्या घरच्या कोयत्यानेही त्याचे काम भागेल. त्या रात्रीची थोरवी शस्त्राच्या लखलखाटात नाही. ज्यांच्याजवळ लढून जिंकण्याजोगे शस्त्रबळ नव्हते, त्यांनी देव वाचविला, यात ती आहे. त्या मुलाच्या हाती राजाची तलवार दिली की हे सारे नाहीसे होते, आणि उरतो तो कोणत्याही नाटकातला कोणताही वीर.

कल्पना स्वतंत्र असते, तिला असली बंधने कशाला, असे काही जण विचारतील. आमचे म्हणणे एवढेच की, पात्र कल्पित असले तरी ते ज्या भूमीवर उभे राहते ती भूमी कल्पित नाही. माणूस खोटा असताना त्याच्याभोवतीचे सारे खरे असावे लागते. तेव्हाच प्रेक्षक त्या माणसावर विश्वास ठेवतो.

याला खर्चही फारसा नाही. लाकडाचे सरळ पाते घडविणे वाकडे पाते घडविण्यापेक्षा सोपेच असते. उत्सवसमित्यांनी पुढील नाटक बसविण्यापूर्वी एकदा संग्रहालयात जाऊन शस्त्रे पाहावीत, गावातील वृद्धांना घरच्या जुन्या हत्यारांविषयी विचारावे आणि मगच पेटी उघडावी. नायकाच्या हाती त्याचीच तलवार आली, तर मांडवात पुढे बसलेली मुले आपल्या पूर्वजांना, ते होते तसेच, ओळखू लागतील.