एकशे तीस डॉलरांचा महाबली

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांनी आम्हांला विचारले, की कामगार संघटनेत केस पांढरे केलेल्या माणसाला मुलांच्या चित्रकथांतील सुपरमॅनशी काय कर्तव्य? उत्तर सोपे आहे. आमचा निम्मा जन्म कराराचे कागद वाचण्यात गेला. या महाबलीच्या कथेच्या मुळाशीही एक कराराचा कागदच आहे, आणि तो लिहून देणारे दोघे आमच्या हिशेबी कामगारच होते.

जेरी सीगल आणि जो शुस्टर ही त्यांची नावे. दोघांचा जन्म १९१४ चा, दोघेही युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. शुस्टरचे वडील शिंपी, सीगलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी ग्लेनव्हिल हायस्कुलात दोघांची गाठ पडली. सीगल लिही, शुस्टर चित्रे काढी. काळ मंदीचा होता. १९३२ साली सीगलच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या झटापटीत वडील जागीच कोसळून मरण पावले.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३३ मध्ये, या पोरांनी स्वतःच काढलेल्या एका लहानशा मासिकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम आले. पण तो नायक नव्हता. तो टकल्या खलपुरुष होता. दुसऱ्यांच्या मनावर ताबा मिळवून जगाचे राज्य करू पाहणारा. मग दोघांनी विचार फिरवला. अंगी अचाट सामर्थ्य असलेला माणूस दुबळ्यांच्या बाजूने उभा राहिला तर? या एका प्रश्नातून आज सर्वांना माहीत असलेली मूर्ती घडली.

ती घडली कशी, हे कारागिरीच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सर्कशीतील पहिलवान घालतात तसला अंगाबरोबरचा पोशाख शुस्टरने त्याला दिला. त्यामुळे स्नायू रेखाटता आले. पाठीवर झगा सोडला तो शोभेसाठी नव्हे. कागदावरची आकृती स्थिर असते, झगा फडफडला की ती धावते आहे असे वाटते. छातीवर एक अक्षर काढले, म्हणजे लहान चौकटीतही ओळख पटावी. आणि या बलदंडाला चष्मा लावून, वर्तमानपत्राच्या कचेरीतला भिडस्त बातमीदार क्लार्क केंट केले. दिवसभर साहेबाचे बोलणे खाणाऱ्या प्रत्येक माणसाला हे दुसरे रूप आपले वाटले, यात नवल नाही.

वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थांनी हे काम कित्येक वर्षे परत पाठवले. अखेर डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कंपनीने ते घेतले. वर्तमानपत्रासाठी काढलेल्या आडव्या पट्ट्या कापून, पुस्तकाच्या पानांवर पुन्हा चिकटवून तेरा पाने सिद्ध झाली. दर पानाला दहा डॉलर, म्हणजे एकशे तीस डॉलर. त्या बदल्यात मार्च १९३८ मध्ये दोघांनी त्या पात्राचे सर्व हक्क कायमचे लिहून दिले. जून १९३८ ही तारीख छापलेला ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दहा सेंटांना विकला गेला, आणि पुढचा इतिहास प्रसिद्धच आहे.

त्या पहिल्या वर्षातील सुपरमॅन आजच्यासारखा नव्हता. तो उडत नसे, लांबच लांब उड्या मारी. त्याचे शत्रू परग्रहावरचे नव्हते. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चोप देई. तिसऱ्या अंकात तर तो कोळशाच्या खाणीत उतरतो. तेथे एक मजूर जखमी झालेला असतो, कारण मालकाने सुरक्षिततेवर खर्चच केलेला नसतो. सुपरमॅन मालकाला आणि त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांना त्याच खाणीत अडकवतो आणि बाहेर पडण्याची साधने कशी कुचकामी आहेत हे त्यांनाच अनुभवू देतो. मंडळी, ज्या पोरांनी हे रचले त्यांना मालक कोण आणि मजूर कोण हे नीट कळत होते. स्वतःच्या कागदापाशी मात्र ते फसले.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. काम वाढले तेव्हा शुस्टरने क्लीव्हलँडला मदतनीस चित्रकार ठेवले. वेन बोरिंग, पॉल कॅसिडी ही त्यांतली दोन नावे. तेही रेखाटत, पण छापून येई ती सीगल-शुस्टर यांचीच सही. ज्याचे नाव पुढे पुसले गेले, त्याच्याच खोलीत दुसऱ्यांची नावे झाकली जात होती. हा दोष माणसाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक, असे आमचे मत आहे.

१९४७ साली दोघांनी दावा लावला. १९४८ मध्ये सुमारे चौऱ्याण्णव हजार डॉलरांवर तडजोड झाली. हक्क कंपनीकडेच राहिले आणि कथांवरची त्यांची नावे गेली. पुढे सीगल कारकुनी करू लागला, शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असल्याचे कळताच सीगलने वर्तमानपत्रांना संतप्त पत्रक धाडले. तोवर दोघे एकटे होते. आता नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन हे चित्रकार आणि व्यंगचित्रकारांच्या संघटना त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. त्याच वर्षी कंपनीने दोघांना दरसाल वीस हजार डॉलर आणि ‘निर्माते’ म्हणून नाव देण्याचे कबूल केले. कोर्टाने जे दिले नाही ते एकजुटीने मिळवून दिले. हक्क मात्र परत आले नाहीत. शुस्टर १९९२ मध्ये गेला, सीगल १९९६ मध्ये. ज्या धनादेशात ते एकशे तीस डॉलर होते, तो कागदाचा तुकडा २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरांना गेला!

तीस वर्षांत आम्ही अशी कित्येक माणसे पाहिली, की ‘वाचून काय करायचे, पैसे मिळताहेत ना?’ म्हणून दाखवील तेथे सही ठोकतात. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. हक्क विकले तरी ‘हे माझे काम’ असे सांगण्याचा अधिकार त्याने निर्मात्यापाशी ठेवला आहे. हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. पण ‘कायमचे’ असे स्वतःच लिहून दिले, तर कायदा तरी काय करणार?

या सभेत चित्रे काढणारी, कथा रचणारी तरुण मंडळी बसली असतील. त्यांना एवढेच सांगणे, की सहीपूर्वी कागद घरी आणा, चार सोबत्यांत मोठ्याने वाचा. कळला नाही तर आमच्या युनियनच्या कचेरीत या. संध्याकाळी सातनंतर आम्ही तेथेच असतो.