नाव सोनुबाई : मध्यम किमतीच्या ग्राफिक्स कार्डाचा इतिहास

१/ आजचा धागा किल्ल्यांवर नाही आणि लढायांवरही नाही. दिवाळीत मानोऱ्याला घरी गेलो, तेव्हा धाकट्या चुलतभावाने मोबाइलवर दोन ग्राफिक्स कार्डांची छायाचित्रे पुढे केली. "दादा, यातलं कोणतं घेऊ?" एक कोरे, दुसरे वापरलेले. दोन्हींचे नाव एकच : आरटीएक्स ३०६०. सोयाबीनच्या हंगामात राबून त्याने २५,००० रुपये साठवले होते. निवड चुकली असती, तर पुढचा हंगाम येईपर्यंत दुसरी संधी नव्हती.

२/ इतिहासाच्या पहिल्या वर्गात साधनचिकित्सा शिकवतात. कागद, शिक्का, अक्षर पाहणे हे बहिरंग परीक्षण. आतला मजकूर तपासणे हे अंतरंग परीक्षण. बनावट सनदेवरचा शिक्कासुद्धा सुबक असू शकतो. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावरचे नाव हा असाच एक शिक्का आहे.

३/ आधी हे यंत्र करते काय, ते पाहू. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी ठरवायचे, तर एका बलाढ्य गणकापेक्षा हजारो छोटे गणक बरे पडतात. ही वाट आपल्या मुलखाला अनोळखी नाही. हवा तो महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यावर पुण्याच्या सी-डॅकने अनेक प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभारला. त्या प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. आणि १९९८ मध्ये वाशीम वेगळा होईपर्यंत आपला जिल्हाही अकोलाच होता.

४/ घरगुती खेळांत त्रिमितीय चित्रांची लाट आणली ती थ्रीडीएफएक्सच्या 'वूडू' कार्डाने, १९९६ मध्ये. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' बाजारात आणले आणि 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. पुढच्याच वर्षी 'जीफोर्स २ एमएक्स' आले : मूळ रचना तीच, काही भाग कमी केलेले, किंमत उतरवलेली. सामान्य खिशाला परवडणाऱ्या कार्डांची परंपरा अशी रुळली. यात गैर काही नव्हते. चिप बनवताना काहींचा एखादा भाग सदोष निघतो. तेवढा बंद करून उरलेली चिप स्वस्तात विकणे हा रास्त व्यवहार आहे.

५/ गफलत झाली ती नावांत. २००२ मध्ये 'जीफोर्स ४ एमएक्स' आले. नाव चौथ्या पिढीचे, अंतरंग मात्र दुसऱ्या पिढीच्या जवळचे. २००१ च्या 'जीफोर्स ३' मध्ये असलेले प्रोग्रामेबल पिक्सेल शेडर त्यात नव्हतेच. पुढे काही खेळ त्यावर सुरूच होईनात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

६/ २०१६ मध्ये 'जीटीएक्स १०६०' दोन रूपांत आले. ६ जीबीच्या कार्डात १,२८० गणनाघटक होते, तर ३ जीबीच्या कार्डात १,१५२. घेणाऱ्याला वाटे, फरक फक्त मेमरीचा आहे. प्रत्यक्षात चिपच कापलेली होती.

७/ आता पुन्हा भावाच्या मोबाइलकडे वळू. २०२१ च्या 'आरटीएक्स ३०६०' मध्ये १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटांचा मार्ग होता. २०२२ च्या अखेरीस त्याच नावाने ८ जीबीचे कार्ड आले. त्याचा मार्ग १२८ बिटांचा. गणनाघटक दोन्हींत ३,५८४. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पीक तेवढेच, पण विहीर लहान आणि पाटही अरुंद. भावाला भुरळ घालणारे कोरे कार्ड हेच, ८ जीबीचे होते.

८/ तिसरी तपासणी आपल्याच जुन्या यंत्राची. २०२२ चे 'आरएक्स ६५०० एक्सटी' पीसीआयईच्या चारच मार्गिका वापरते. त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते मंदावते. इंटेलचे 'आर्क बी५८०' १२ जीबीचे आणि माफक किमतीचे, परंतु मदरबोर्डवर 'रिसायझेबल बार' ही सोय नसेल तर त्याचा वेग बराच घटतो. भावाचा मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचाच. ३०६० मात्र सोळा मार्गिकांचे, म्हणून तिथे अडचण नव्हती.

९/ मग वापरलेले कार्ड घ्यावे का? इथेही इतिहास आडवा येतो. आभासी चलनाच्या खननासाठी २०२१ मध्ये कार्डांची अशी पळवापळवी झाली, की भाव आभाळाला भिडले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खननाची पद्धतच सोडली आणि अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात उतरली. म्हणून मूळ बिल, उरलेली हमी आणि पंख्यांची स्थिती पाहावी. अर्धा तास जड खेळ चालवून तापमान व पडद्यावरचे डाग तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१०/ आम्ही अकोल्याला जाऊन वापरलेले १२ जीबीचे कार्ड बिलासह, अर्धा तास चालवून घेतले. ते १७० वॅटपर्यंत वीज घेते. भावाचा पॉवर सप्लाय जुना आणि बिननावाचा. गावातली वीज तर केव्हा डोळे मिचकावेल, सांगता येत नाही. वाचलेल्या पैशांतून ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय आणला. १०८० पी पडद्याला एवढे पुरते.

११/ दुकानदार शेवटपर्यंत सांगत होता, "नवं घ्या ना, नाव तर तेच आहे." २०२५ मध्ये आलेले 'आरएक्स ९०६० एक्सटी'सुद्धा ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावाने विकले जाते. तेव्हा खरेदीआधी चार गोष्टी कागदावर उतरवा : मेमरी, मार्गाची रुंदी, मार्गिका आणि वॅट. नाव सर्वांत शेवटी लिहा.

तुमच्या घरातल्या पहिल्या कार्डाचे नाव काय होते, आणि आत काय निघाले? खाली जरूर लिहा.