थंडीत राखलेली धमनी

1894 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना ल्यों शहरात भोसकलं गेलं. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली होती. ती शिवणं कुणाला जमत नव्हतं, आणि ते गेले. त्याच शहरातल्या अलेक्सी कॅरेल या वैद्यकीच्या तरुण विद्यार्थ्याच्या मनाला हे फार लागलं. भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून तो बारीक सुईचं काम शिकला आणि त्यानं रक्तवाहिन्या जोडण्याची रीत बसवली. 1912 चं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं.

पण जोडायला धमनी ऐनवेळी आणायची कुठून? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कॅरेलनं कुत्र्यांच्या धमन्या शून्य अंशाच्या जरा वर, बर्फपेटीत ठेवल्या आणि काही दिवसांनी पुन्हा शिवल्या. त्यातून रक्त वाहिलं. राखलेल्या धमनीचं कूळ इथून सुरू होतं. पुढे 1948 मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसनं माणसाच्या राखलेल्या धमन्या रुग्णांना बसवल्या. 1951 मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्तनं पोटातली फुगलेली महाधमनी काढून तिथं मृत दात्याची जोडली.

थंडीत धमनी टिकते कशी? तिच्या भिंतीत इलॅस्टिन आणि कोलॅजेन असे दोन प्रकारचे तंतू असतात. कमी दाबाला इलॅस्टिन ताणून परत जागेवर येतं. दाब वाढला की कोलॅजेन भार घेतं आणि भिंत कडक होते. हे तंतू म्हणजे पेशी नव्हेत. चार अंशांवर पेशी हळूहळू मरतात, स्नायूंची आकसण्याची ताकद जाते. तंतूंचा ताण मात्र बराच काळ शाबूत राहतो. संशोधक धमनीच्या कड्या कापून, ओढून हेच मोजतात.

गोठवणं अवघड. बर्फाचे स्फटिक भिंत फाडतात. 1949 मध्ये ग्लिसरॉलचा आणि 1959 मध्ये डायमिथाइल सल्फॉक्साइडचा ही इजा कमी करायला उपयोग होतो हे कळलं, तेव्हा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर ऊती राखता येऊ लागल्या. तरी वितळवताना घाई झाली, तर भिंतीला तडे जातात. शिवाय परकी धमनी शरीरात वर्षानुवर्षांत फुगते, तिच्यात चुना साठतो. म्हणून डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्या. त्या नळीत जंतुसंसर्ग झाला, की मात्र अजूनही दात्याची धमनी आठवते.

ही गोष्ट वऱ्हाडापासून लांबची नाही. विदर्भातल्या मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप नागपूरच्या समन्वय केंद्रातून होतं. यकृत काढताना दात्याच्या ओटीपोटातली धमनीही थंड द्रावणात सोबत ठेवण्याची पद्धत आहे. जोडणी तोकडी पडली, तर तीच कामी येते. 2011 च्या दुरुस्तीनं आपल्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात ऊतीही आल्या. दानाच्या फॉर्ममध्ये रक्तवाहिन्यांचा वेगळा उल्लेख आहे.

रुक्मिणीमातेच्या पालखीसोबत आषाढीला पंढरपूरला निघणाऱ्या वऱ्हाडातल्या कौंडण्यपूरच्या मंडळींना माझी विनंती आहे: अवयवदानाचा फॉर्म भराल, तेव्हा ऊतींवरही खूण करा, आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा. शेवटी संमती त्यांनाच द्यायची असते.