कृत्रिम धावपट्टी
मेण चढवलेली वाळू, कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे यांच्या मिश्रणाची, घोड्यांच्या शर्यतींसाठीची धावपट्टी. मातीची धावपट्टी जोरदार पावसात चिखलते. मेणामुळे ही वाळू पाणी धरत नाही, ते खाली झिरपून जाते. घोड्यांचे पाय मोडण्याचे प्रमाण घटावे म्हणून कॅलिफोर्नियाच्या शर्यत मंडळाने २००६ मध्ये मोठ्या रेसकोर्सना ती सक्तीची केली. त्यांपैकी सांता अनिता रेसकोर्सवर मात्र निचराच तुंबला, शर्यती रद्द झाल्या आणि २०१०च्या अखेरीस पुन्हा माती आली. ही माघार दुर्दैवीच म्हणावी लागेल, कारण अमेरिकेतील नोंदींनुसार प्राणघातक दुखापती कृत्रिम धावपट्टीवर मातीपेक्षा एकूण कमी होतात. २०१९ मध्ये सांता अनितालाच अनेक घोडे दगावले, तेव्हा माती की कृत्रिम धावपट्टी हा वाद पुन्हा उफाळला.