रबराचा कारखाना आणि दारू सोडविणारी गोळी

औषधांच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे राहतात. ज्यांच्या अंगावर ते शास्त्र प्रथम उमटले त्या कामगारांची कोणी टिपून ठेवीत नाही. दारू सोडविण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामची कथा अशीच आहे, आणि कामगारांत आयुष्य काढलेल्या आम्हांला ती सांगणे भाग आहे.

तिचा आरंभ दवाखान्यात नव्हे, कारखान्यात होतो. एकोणिसाव्या शतकात रबर पक्के करण्याच्या कामी कार्बन डायसल्फाइड हा चटकन उडणारा द्रव वापरीत. त्याच्या वाफेत राबणाऱ्यांची स्मृती जाते, हातपाय दुबळे होतात, कित्येकांची बुद्धीही भ्रमते, हे पॅरिसच्या डॉक्टर देलपेश यांनी १८५६ साली मांडले.

पुढे याच धंद्यात थायुरम जातीची संयुगे आली. ती हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, हे १९३७ साली अमेरिकेतील एका रासायनिक कारखान्याचे डॉक्टर विल्यम्स यांनी नोंदविले. हा दारूवरचा उपाय तर नव्हे, अशी शंकाही त्यांनी व्यक्त केली. कोपनहेगनला हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे याच जातीचे डायसल्फिराम जंतांवर चालते का ते पाहत होते. गोळ्या त्यांनी स्वतः घेतल्या, आणि वर मद्य घेताच चेहरा लाल झाला, छाती धडधडली. १९४८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. 'अँटाब्यूज' या नावाने गोळी जगभर गेली.

दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड होते. त्याचा निचरा करणारे विकर ही गोळी अडविते. म्हणून पिणाऱ्याचा जीव घाबरा होतो. परंतु ती तेवढ्यावर थांबत नाही. मेंदूत डोपामिनचे नॉरॲड्रेनलिन करणारे विकरही ती अडविते; डोपामिन साचते. शिवाय शरीरात तिचे विघटन होताना थोडे कार्बन डायसल्फाइडच तयार होते! म्हणजे देलपेश यांनी कारखान्यात पाहिलेले विष रोग्याच्या रक्तात पुन्हा उतरते. आरंभीच्या काळात दिवसाला ग्रॅमच्या वर मात्रा देत. तेव्हा दारू न पिताही काही रोग्यांना भास होऊ लागले, संशयाने ते घरच्यांवर धावून जाऊ लागले. मात्रा उतरली, आज ती बहुधा २५० मिलिग्रॅम असते. असे विकार आता विरळ झाले, नाहीसे झाले नाहीत.

१९६९ साली अमेरिकेत आणखी एक गोष्ट दिसली. डायसल्फिरामबरोबर मेट्रोनिडाझोल दिलेल्या २९ रोग्यांपैकी ६ जणांना बुद्धिभ्रम झाला. क्षयावरील आयसोनियाझिडबरोबर घेतल्यासही चाल अडखळते, वागणे पालटते. दारू आणि क्षय एकाच घरात नांदतात, हे कामगार वस्तीत फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मग गोळी वाईट काय? मुळीच नाही. तिने अनेकांचे संसार सावरले आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, ती घेणाऱ्याला ती काय करते हे ठाऊक असले पाहिजे. कोणी माउली कंटाळून नवऱ्याच्या आमटीत ती गुपचूप कालविते. तिचे दुःख आम्ही जाणतो. परंतु अजाण माणूस त्यावर दारू प्याला तर प्राणावर बेतते. आणि तो भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर सारे म्हणतात, दारूनेच डोके फिरले! गोळीचे नाव कोणी घेतच नाही, डॉक्टरही फसतो.

रबराच्या कारखान्यातील कामगाराला आपण काय हुंगतो हे कोणी सांगितले नव्हते. त्याच्या अंगावरून मिळालेल्या ज्ञानाचे ऋण फेडायचे असेल, तर आजच्या रोग्याला तरी सारे सांगून, त्याच्या संमतीनेच गोळी दिली पाहिजे.